भंडारदरा जलाशयाकाठचा तंबूमुक्काम

भंडारदरा जलाशयाकाठचा तंबूमुक्काम (बोलण्यात ‘कॅम्पिंग’) हा महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात रूढ झालेला कौटुंबिक पर्यटनाचा एक प्रकार आहे. प्रवरा नदीवरील विल्सन धरणाच्या पाण्याभोवती शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी ही गावे वसली आहेत. तेथील शेतकरी कुटुंबे आपल्या शेतात किंवा पडीक जागेत तंबू उभारून पाहुण्यांच्या राहण्याजेवणाची सोय करतात. यांतील बरीच कुटुंबे महादेव कोळी व ठाकर समाजांतील आहेत.

== जलाशय आणि त्याचा काठ ==

धरणाचे बांधकाम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पूर्ण झाले. मुंबई प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणाला मिळाले. सुमारे ८२ मीटर उंचीच्या या दगडी भिंतीमागील जलाशय ‘आर्थर सरोवर’ या नावाने ओळखला जातो. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) जवळच असून रतनगड जलाशयाच्या माथ्याशी उभा आहे.

‘सरोवर’ या शब्दाने मात्र फसगत होण्याचा संभव आहे. हा नैसर्गिक तलाव नसून सिंचनाचा साठा आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तो काठोकाठ भरतो. पुढे रब्बी व उन्हाळी आवर्तनांसाठी पाणी सोडले जाते आणि ते प्रवरेच्या कालव्यांतून संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडील शेतांना मिळते. त्यामुळे ऑक्टोबरात तंबूच्या दोरांपाशी असलेले पाणी मे महिन्यात बरेच दूर व खाली गेलेले असते. मधल्या पट्ट्यात उघडी पडलेली जमीन वरून कोरडी दिसली, तरी पाण्यालगत पाय रुतेल असा चिखल असतो, आणि तळाचा उतार काही ठिकाणी एकदम खोल जातो. गेल्या वर्षी मुले जेथे डुंबली तेथेच यंदाही उथळ पाणी असेल, हा समज धोक्याचा आहे. लहान मुलांना मोठ्यांच्या सोबतीशिवाय पाण्याकडे सोडू नये. अंधार पडल्यावर मोठ्यांनीही उतरू नये. कोठे उतरावे आणि कोठे उतरू नये, हे यजमान शेतकऱ्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते.

== हंगाम ==

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ कुटुंबांना सर्वांत सोयीचा. रात्री कडाक्याची थंडी पडते, म्हणून जाड अंथरूण व कानटोपी हवीच. घाटघर व रतनवाडीचा परिसर राज्यातील अतिवृष्टीच्या प्रदेशांत मोडतो. जुलै-ऑगस्टमध्ये तंबूपेक्षा पक्क्या छपराचा आसरा घेणे शहाणपणाचे ठरते.

== काजवे ==

मेच्या अखेरीपासून मृगाच्या पावसापर्यंत येथील झाडे काजव्यांनी लखलखतात. हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारो काजवे एका तालात उजळतात आणि विझतात. हा प्रकाश म्हणजे नर व मादी यांच्यातील संकेत होय. प्रौढ काजव्याचे आयुष्य अवघ्या काही आठवड्यांचे असते आणि एवढ्यातच त्याला जोडीदार शोधावयाचा असतो. मोटारींचे दिवे, विजेऱ्या आणि तंबूंवरील दिव्यांच्या माळा या संकेतांत व्यत्यय आणतात. काजव्यांच्या अळ्या ओलसर मातीत राहून गोगलगायींवर जगतात. झाडाभोवतीची जमीन तुडवली गेली तर पुढील वर्षाच्या काजव्यांवरच घाला येतो. जे पाहण्यासाठी गर्दी जमते त्याचाच गर्दीने नाश व्हावा, ही विसंगती परिसरातील गावकऱ्यांनाही जाणवू लागली आहे. परिसराचा मोठा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तेथे वनविभागाच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरावे लागते आणि त्याचे नियम पाळावे लागतात. विजेरीच्या काचेवर लाल कागद बांधून ती पायापुरती वापरणे हा घरच्या घरी करता येण्याजोगा उपाय आहे.

== मुक्कामाचे स्वरूप ==

भाड्यात बहुधा तंबू, अंथरूण-पांघरूण, रात्रीचे जेवण आणि सकाळचा चहा-नाश्ता यांचा समावेश असतो. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठले, ठेचा व भात हे नेहमीचे जेवण. चुलीपाशी बसून भाकरी थापताना पाहणे हा शहरी मुलांना जलाशयाइतकाच नवा अनुभव असतो. दिवसा रतनवाडीचे प्राचीन अमृतेश्वर मंदिर, रंधा धबधबा आणि साम्रदजवळील सांधण दरी पाहता येते. सांधण दरीत लहान मुलांना फार खोलवर नेऊ नये.

== दक्षता ==

थंडीमुळे पेटती शेगडी किंवा निखारे तंबूत घेण्याचा मोह होतो. बंद तंबूत कोळशाच्या धगीतून कार्बन मोनॉक्साईड साचतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग न येताच प्राण जाऊ शकतो. शेकोटी बाहेर, तंबूंपासून अंतर राखून करावी व झोपण्यापूर्वी पाण्याने विझवावी.

सह्याद्रीत फुरसे, घोणस व मण्यार हे विषारी साप आढळतात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. तिचा दंश फारसा दुखत नसल्याने तो कित्येकदा लक्षातही येत नाही. म्हणून तंबूची साखळी (चेन) रात्रभर पूर्ण बंद ठेवावी आणि पादत्राणे झटकूनच घालावीत. दंशाचा नुसता संशय आला तरी झाडपाल्यात वेळ न घालवता रुग्णास राजूर किंवा घोटी येथील रुग्णालयात न्यावे. जलाशयाभोवती अनेक ठिकाणी मोबाईलला संपर्कक्षेत्र मिळत नाही. त्यामुळे रात्री वाहन कोणाकडे मिळेल, याची चौकशी तंबूत सामान ठेवण्याआधीच यजमानाकडे करून ठेवावी.