नाकातली नळी आणि तिची नोंद

पक्षाघाताचा झटका आला, डोक्याला मार लागला किंवा काही कारणाने घास गिळवेनासा झाला, म्हणजे डॉक्टर रोग्याच्या नाकातून एक लवचिक नळी जठरापर्यंत सोडतात आणि तिच्यातून दूध, पेज, औषध देतात. आपल्याकडच्या इस्पितळांत हिला 'राईल्स ट्यूब' म्हणतात. जॉन राईल हे इंग्लंडमधले डॉक्टर. १९२१ च्या सुमारास त्यांनी ही नळी प्रचारात आणली, ती खाऊ घालण्यासाठी नव्हे, तर जठरातला रस बाहेर काढून तपासण्यासाठी. एवढी गोष्ट ध्यानात असू द्या, पुढे तिच्याशी काम पडणार आहे.

नळी घालण्याचे काम तसे थोडक्यात उरकते. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत माप घ्यायचे, आणि तेवढी नळी आत सारायची. पण घशात वाटा दोन आहेत. एक अन्ननलिकेची, दुसरी श्वासनलिकेची. शुद्धीवरच्या माणसाची नळी दुसऱ्या वाटेला लागली तर बहुधा त्याला ठसका लागतो, तो हात झटकतो. बेशुद्ध माणूस कधी कधी खोकतसुद्धा नाही. पाटाचं दार भलत्या वाफ्याकडे फुटलं तर पाणी वाया जातं, एवढंच. इथे पेज फुफ्फुसात जाते आणि माणूस दगावू शकतो.

मग नळी जठरातच आहे हे ओळखायचे कसे? जुनी चाल अशी की, पिचकारीने थोडी हवा नळीत मारायची आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून गुडगुड ऐकू येते का ते पाहायचे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी अजून हेच चालते. ही चाल सोडावी, असे मी स्पष्ट म्हणेन. फुफ्फुसाच्या खाली जठर, मध्ये एक पडदा. फुफ्फुसात मारलेल्या हवेचा आवाजही पोटावर ऐकू येतो, आणि कान फसतो. नळीचे बाहेरचे टोक पाण्यात बुडवून बुडबुडे पाहणे हाही तसाच बेभरवशाचा प्रकार.

इंग्लंडात २००५ साली तिथल्या त्या वेळच्या राष्ट्रीय रुग्ण-सुरक्षा संस्थेने सगळ्या इस्पितळांना ताकीद दिली की, आवाजाची परीक्षा बंद करा. तरी चुका थांबल्या नाहीत. २०११ साली तिने पुन्हा इशारा काढला, तेव्हा मधल्या साडेचार वर्षांत २१ रोगी दगावल्याच्या आणि ७९ जणांना अपाय झाल्याच्या नोंदी तिच्यापाशी होत्या. यात सर्वांत मोठे कारण कोणते निघाले? क्ष-किरणाचे चित्र चुकीचे वाचणे! यंत्र होते, चित्र होते, पण बघणाराची नजर त्या कामात तयार नव्हती. म्हणून चित्र याच रोग्याचे आहे, आत्ताची नळी घातल्यानंतरचेच आहे, आणि ते कोणी पाहिले, हे लिहून ठेवण्यावर तिथे भर आला.

क्ष-किरण ही झाली दुसरी पायरी. पहिली पायरी राईलसाहेबांचीच: नळीतून पिचकारीने थोडा रस ओढायचा आणि त्याचा सामू पाहायचा. शेतकरी बंधूंना हा शब्द नवा नाही. माती-परीक्षणाच्या पत्रिकेवर तो असतोच. ७ म्हणजे ना आंबट ना खारट, त्याखाली आंबट. जठरातला रस चांगलाच आंबट. कागदाच्या पट्टीवर सामू १ ते ५.५ यांच्या दरम्यान आला, तर नळीतून अन्न द्यायला हरकत नाही, असा तिथला नियम.

इथे गुरुजी विचारतील, "मग आमच्या प्रयोगशाळेतला निळा लिटमस का नको?" प्रश्न रास्त आहे. लिटमस लाल झाला म्हणजे पदार्थ आम्ल आहे एवढेच कळते, किती आम्ल ते कळत नाही. श्वासनलिकेतला स्राव आणि जठरातला रस यांतला फरक त्याला नीट दाखवता येत नाही. म्हणून आकडा दाखवणारी पट्टीच हवी. आणखी एक अडचण अशी की, पित्त कमी करणाऱ्या गोळ्या चालू असल्या, किंवा नुकतेच दूध दिलेले असले, तर नळी जागेवर असूनही आकडा वर जातो. अशा वेळी अंदाजाने पुढे जायचे नाही. थोडे थांबून पुन्हा रस काढावा, नाहीतर क्ष-किरण काढावे. आणि खात्री होईपर्यंत नळीत पाणीसुद्धा सोडायचे नाही.

आता नोंदीविषयी. दूध डेअरीवर सकाळ-संध्याकाळ फॅट लागते ती पुस्तकात चढते. आकडा नसला तर आपण गप्प बसतो का? रोग्याच्या उशाशी मात्र "नळी ठीक आहे" एवढा मोघम शेरा चालवून घेतो. तो चालू नये. नळी नाकपुडीपाशी कितव्या सेंटिमीटरवर आहे, रसाचा सामू किती, वेळ कोणती, पाहिले कोणी, हे दर खेपेला लिहिले पाहिजे. सकाळी ५५ आणि दुपारी ४८ दिसले, तर नळी ७ सेंटिमीटर बाहेर सरकली हे पाळीवर नव्याने आलेल्या परिचारिकेलाही कळते. सकाळचा आकडाच नसेल तर तिने काय ताडायचे? उलटी झाली, जोराचा खोकला आला, तर पुन्हा तपासणी आणि पुन्हा नोंद.

आपल्याकडे नळीतून पेज देण्याचे काम पुष्कळदा घरची माणसेच करतात, इस्पितळात आणि घरी गेल्यावरही. त्यांनी रोग्याचे डोके आणि छाती चांगली उंच ठेवावी, आणि दिल्यावरही निदान अर्धा तास ठेवावी. पेज ताजी आणि गाळलेली हवी. शेवटी पाणी सोडून नळी धुवावी. देताना रोगी खोकला, धापू लागला, ओठ निळसर दिसले, तर त्याच क्षणी थांबावे आणि डॉक्टरांना बोलवावे.

घरी सोडताना इस्पितळाकडून दोन गोष्टी मागून घ्याव्यात. नळी कितव्या खुणेवर आहे तो आकडा कागदावर, आणि जागा तपासायची कशी हे समोर करून दाखवणे. तो कागद खाटेजवळच्या भिंतीला चिकटवावा आणि दर वेळी पेज देण्याआधी नाकापाशी खूण ताडून पाहावी. खूण जुळली तरी आतले टोक वळलेले असू शकते, म्हणून रसाची तपासणी चुकवू नये. खूण जुळली नाही किंवा चिकटपट्टी सुटलेली दिसली, तर नळी आपल्या हाताने आत ढकलू नये, तिच्यातून काही देऊ नये, आणि कागद बरोबर घेऊन दवाखाना गाठावा.