लेप वाळून तडकायच्या आत

मराठवाड्यात एप्रिल-मे म्हणजे ऊन आणि लग्नसराई एकदमच येतात. पारा चाळिशी ओलांडून पुढे गेलेला असतो, दुचाकीवरच्या मुलींचे फक्त डोळे स्कार्फबाहेर दिसत असतात, आणि त्याच आठवड्यात घरात कुणाची तरी हळद असते. उन्हाने रापलेला चेहरा चार दिवसांत ‘उजळला’ पाहिजे, ही घाई तिथूनच सुरू होते. मग लातूरच्या गंजगोलाईतून मुलतानी मातीची पुडी येते, नांदेडच्या वजिराबादेतून शीट मास्कची पाकिटे येतात, कुणी मावशी बेसन-लिंबू सुचवते आणि कुणी पार्लरमधून बिनालेबलची डबी आणते. या चार गोष्टी चेहऱ्यावर एकाच कामासाठी लावल्या जात असल्या, तरी त्यांचे परिणाम फार वेगवेगळे आहेत. काही निरुपद्रवी, काही त्रासाच्या आणि एखादी थेट मूत्रपिंडापर्यंत पोचणारी.

सुरुवात मातीपासून करू, कारण ती सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत जास्त वापरातली. मुलतानी माती राजस्थानात बाडमेर-बिकानेर भागातल्या खाणींतून निघते. तिच्यातला मुख्य चिकणखनिज बहुधा माँटमोरिलोनाइट असतो. हे नाव परके वाटले तरी त्याचा गुणधर्म या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे, कारण लातूर-नांदेडच्या काळ्या रानातही याच कुळातली चिकणमाती भरलेली असते. बेसॉल्ट खडक झिजून बनलेली ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मग रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खनिजाचे थर पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात. पाणी त्या पानांमध्ये शिरते आणि वाळताना बाहेर पडते.

चेहऱ्यावरच्या लेपात हेच छोट्या प्रमाणात घडते. ओला लेप त्वचेवरचे तेल आणि मळ स्वतःकडे ओढतो. एके काळी लोकरीतले तेल काढायला ही माती वापरत, ती याच गुणामुळे. लेप ओलसर असतो तोवर हे काम ठीक चालते. पण तो पूर्ण सुकला, ओढ बसू लागली, हसल्यावर तडे जाऊ लागले, की लेपाचे काम संपलेले असते आणि नुकसान सुरू झालेले असते. त्यापुढे तो त्वचेच्या वरच्या थरातला ओलावा ओढू लागतो. हा वरचा थर साध्या कागदापेक्षाही पातळ असतो आणि शरीरातले पाणी आत राखणे हेच त्याचे मुख्य काम आहे. ‘खेचल्यासारखे वाटले म्हणजे गुण आला’ ही समजूत म्हणूनच उलटी आहे. दहा मिनिटे पुरतात, फार तर पंधरा. कडा पांढऱ्या पडू लागल्या आणि मधला भाग अजून ओला असला, की धुवायची वेळ झाली.

आणि नाही, शेतातली माती चाळून लावणे हा स्वस्त पर्याय नव्हे. खनिजे सारखी असली तरी रानातल्या मातीत शेण, कीटकनाशकांचे अंश आणि धनुर्वातासारख्या रोगांचे जंतू असतात. पुड्यातली माती घेतानाही ती सौंदर्यप्रसाधन म्हणून विकली जाते आहे ना, एवढे पाहावे.

धुण्याचाही एक प्रश्न या भागात आहे. बेसॉल्टमधल्या बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते, साबणाला फेस येत नाही, बादलीवर पांढरे क्षार धरतात. वाळलेला लेप अशा पाण्याने खसखसून काढला की त्वचा दुहेरी कोरडी होते. ओले फडके दोन मिनिटे चेहऱ्यावर ठेवून लेप मऊ करावा आणि मग हलक्या हाताने पुसून घ्यावा. पाणीही कमी लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

माती प्रत्येकाला मानवत नाही, हे मात्र पुडीवर लिहिलेले नसते. चेहरा दुपारपर्यंत तेलकट होतो, नाकावर काळे ठिपके दिसतात, त्यांना आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा मातीचा लेप चालतो. ज्यांची त्वचा मुळात कोरडी आहे, हिवाळ्यात गाल फुटतात, त्यांनी तो टाळावा किंवा महिन्यातून एखाद-दोनदा फक्त नाक-कपाळापुरता लावावा. कोरड्या त्वचेला कोरफडीचा गर, ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक आम्ल असलेला ओलावा देणारा मास्क बरा. बाजारातला शीट मास्क याच गटातला. तो म्हणजे सिरममध्ये भिजवलेले पातळ कापड. तोही पंधरा-वीस मिनिटांत काढायचा. रात्रभर ठेवून झोपले तर कापड सुकते आणि दिलेला ओलावा परत घेऊ लागते. पील-ऑफ म्हणजे सोलून काढायच्या मास्कबद्दल एवढेच, की तो मळाबरोबर बारीक लव आणि त्वचेचा वरचा थरही ओढून काढतो. मुरुमांवर तो लावूच नये. थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग झालेल्या दिवशी कुठलाही लेप नको.

कुठलाही मास्क वर्ण बदलत नाही. त्वचेचा रंग मेलॅनिनवर ठरतो आणि ते रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी लेप जिथवर पोचतो त्याच्या खाली असतात. लेप काढल्यावर दिसणारी चमक तेल-मळ निघाल्याची, ओलावा मिळाल्याची आणि थोड्या वेळापुरत्या वाढलेल्या रक्तप्रवाहाची असते. ती संध्याकाळच्या समारंभापुरती टिकली तरी पुष्कळ. उन्हाने येणारा काळपटपणा रोखायचा असेल तर सकाळी लावलेले सनस्क्रीन आणि तो स्कार्फ, हे दोन्ही आठवड्याच्या लेपापेक्षा कितीतरी जास्त काम करतात.

स्वयंपाकघरातले लेप

नांदेड-हिंगोली पट्टा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. इथल्या घरांना हळदीचे गुण बाहेरच्यांनी सांगावेत असे काही नाही. तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. एक, हळदीची ॲलर्जी असू शकते. हळद-कुंकवाने कपाळावर खाज सुटणाऱ्या बायका प्रत्येक गावात सापडतात, आणि अशा व्यक्तीला लग्नात अंगभर हळद फासली की पुरळ अंगभर उठते. नवरीची त्वचा आदल्या आठवड्यातच तपासून घ्यावी. कोपराच्या आतल्या बाजूला थोडी हळद लावून दोन दिवस वाट पाहणे, एवढेच करायचे असते. दोन, सुटी दळलेली हळद. तिचा पिवळेपणा उठून दिसावा म्हणून लेड क्रोमेट हे शिशाचे संयुग मिसळण्याचे प्रकार दक्षिण आशियात उघड झाले आहेत. हळकुंडाच्या गावात राहून पाकिटातली भडक पिवळी पूड घेण्याचे कारण नाही. हळकुंडे आणावीत आणि गिरणीतून दळून घ्यावीत. खाण्यासाठीही तेच बरे.

लिंबाचे प्रकरण वेगळे. निरोगी त्वचेचा सामू पाचच्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा दोनच्या. आकडे जवळचे वाटतात, पण या मोजपट्टीवर एक पायरी म्हणजे दहा पट, म्हणून तीन पायऱ्यांचा फरक हजार पटींचा होतो. शिवाय लिंबाच्या रसात आणि सालीत असे घटक असतात, की त्यांच्यावर ऊन पडले तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे चट्टे राहतात. लिंबू लावून मे महिन्यात बाहेर पडणे म्हणजे जे घालवायचे तेच ओढवून घेणे. खाण्याचा सोडा दुसऱ्या टोकाचा, आम्लाऐवजी अल्कली, तोही नको. दही, दुधाची साय, बेसन ही मंडळी त्या मानाने सौम्य आहेत. मात्र बेसन चोळून काढताना स्क्रबसारखे घासू नये.

सावळ्या त्वचेला तर ही खबरदारी अधिकच लागते. गोऱ्या कातडीवर ओरखडा लाल होऊन निघून जातो, आपल्याकडे तो काळा डाग ठेवून जातो आणि तो डाग महिनोन्‌महिने रेंगाळतो.

लातूरच्या ट्यूशन एरियात याची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. नीट आणि जेईईसाठी गावोगावहून आलेली सोळा-सतरा वर्षांची मुलेमुली होस्टेलात राहतात. मुरुमांचे वय तेच, परीक्षेचा ताण तेव्हाच, आणि डोके फिरवणारे व्हिडिओही तेव्हाच बघितले जातात. रात्री पुटकुळीवर टूथपेस्ट, सकाळी कडक साबण, रविवारी कोळशाचा पील-ऑफ. तिन्ही मिळून मुरूम जातच नाही, त्याची खूण मात्र पक्की होते. मुरूम हा तेलग्रंथी, संप्रेरके आणि जंतू यांचा मिळून झालेला आजार आहे. सौम्य फेसवॉश आणि बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा ॲडापलीनसारखी डॉक्टरांनी दिलेली औषधे त्यावर चालतात, तीही सहा-आठ आठवड्यांनी गुण दाखवतात. ही औषधे चालू असताना माती, स्क्रब, पील-ऑफ बंद ठेवावेत, कारण औषधांनी त्वचा आधीच नाजूक झालेली असते. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तिथल्या त्वचारोग विभागाचा केसपेपर पार्लरच्या एका फेशियलपेक्षा स्वस्त पडतो.

डबीवर काय लिहिले नाही

इथवरच्या चुका त्वचेपुरत्या आहेत. पुढची गोष्ट तशी नाही.

अकोल्यातली विशीतली एक जैवतंत्रज्ञानाची विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, अशा तिघींनाही २०२२ मध्ये मूत्रपिंडाचा विकार झाला. एकाच घरात तिघींना, आणि कुणाला आधीचा आजार नाही. शोध घेतला तेव्हा तिघी एकच क्रीम वापरत असल्याचे निघाले. ते स्थानिक ब्यूटिशियनकडून आणलेले होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली आणि क्रीममध्ये पारा सापडला. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी राज्यभर गाजली. केरळातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांना याच सुमारास असेच काही दिसत होते. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या विकाराचे २२ रुग्ण आले. त्यांपैकी १५ जणांत या विकाराचा एक विरळा प्रकार होता, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे करणारे क्रीम वापरत होते.

पारा मेलॅनिन तयार होण्याची साखळी तोडतो, म्हणून क्रीमने खरोखरच आठ-दहा दिवसांत उजळपणा दिसतो. धोका नेमका इथे आहे. जे उत्पादन काहीच करत नाही ते लोक सोडून देतात, हे सोडवत नाही. पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी डोळ्यांभोवतीची काही उत्पादने वगळता पारा वापरायला बंदी केली आहे; नकळत आलेला अंशही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त असू नये, अशी मर्यादा आहे. पण नियम लेबल असलेल्या डबीला पकडतो. फेसपॅकमध्ये किंवा ‘नाइट क्रीम’मध्ये कालवून पारदर्शक डबीत भरून दिलेल्या वस्तूला ना परवाना क्रमांक, ना बॅच, ना मुदत.

पाऱ्याइतका गाजत नाही, पण जास्त पसरलेला आहे तो स्टेरॉइडचा वापर. त्वचारोगतज्ज्ञांनी देशातल्या बारा केंद्रांत केलेली पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइड मलम लावत होते, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरांनी सांगितलेले नव्हते. मेडिकलमधून, शेजारणीकडून, पार्लरमधून मिळालेले. असे मलम लावले की पहिले काही आठवडे चेहरा नितळ दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरूम उसळतात, वांग गडद होतो. थांबवले की आग होते, म्हणून माणूस पुन्हा लावतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरवले. काउंटरवर काय होते ते सगळ्यांना माहीत आहे.

त्यामुळे मास्क निवडताना त्यात केशर आहे की कोळसा, यापेक्षा डबीच्या मागची बारीक अक्षरे महत्त्वाची. उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटकांची यादी हवी. परदेशी असेल तर आयातीचा नोंदणी क्रमांक. ‘मर्क्युरी’, ‘कॅलोमेल’, किंवा नावाच्या शेवटी ‘-सोन’ येणारे बीटामेथासोन, मोमेटासोन, किंवा क्लोबेटासोल असे काही दिसले तर ते मास्क नव्हे. एका आठवड्यात गोरे करण्याची हमी असेल तर यादी वाचायचीही गरज नाही. अशा डबीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते.

ज्यांनी असे काही महिनोन्‌महिने लावले आहे त्यांनी पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज आणि लघवीला टिकून राहणारा फेस याकडे लक्ष ठेवावे. यातले काहीही दिसले तर लघवीतल्या प्रथिनांची साधी तपासणी करून घ्यावी. स्टेरॉइडचे मलम एकदम न थांबवता त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने कमी करत आणावे, पाऱ्याचा संशय असलेले मात्र त्याच दिवशी बंद करावे. आणि डॉक्टरांकडे जाताना ती डबी, अर्धी रिकामी असली तरी, झाकण लावून पिशवीत घालून सोबत न्यावी. अकोल्याच्या क्रीममधला पारा सापडला तो क्रीम तपासायला मिळाले म्हणून.