विलायतेंतील घरपट्टी आणि घरांतील अपंग आप्त

इंग्लंडांत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांच्या घरीं दर वर्षीं मार्चच्या सुमारास एक बिल येतें. त्याचें नांव कौन्सिल टॅक्स. आपल्याकडील घरपट्टीचा हा दूरचा भाऊबंद खरा. पण घरपट्टी मालकास लागते, आणि हा कर बहुधा घरांत राहणारास लागतो, मग तो भाडेकरू कां असेना. १९९२ च्या कायद्यानें ठरलेला व १ एप्रिल १९९३ पासून सुरू झालेला हा कर आकारतांना घर आणि माणसें दोन्ही पाहिलीं जातात. घराची १९९१ सालची किंमत धरून त्याला 'ए' पासून 'एच' पर्यंत एक वर्ग दिलेला असतो. आणि घरांत दोन प्रौढ माणसें आहेत असें समजून पूर्ण आकारणी होते. ही दुसरी गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी.

व्यवहारांत होतें तें असें. मुलगा किंवा मुलगी अपंग आईच्या वतीनें कौन्सिलकडे चौकशी करते. तेथें पेन्शन किती, बँकेंत ठेव किती, हें विचारतात, आणि 'मदत मिळणार नाहीं' असें उत्तर येतें. कुटुंब तेथेंच थांबतें. वास्तविक नकार मिळाला तो एकाच दाराशीं. उत्पन्न पाहून मिळते ती 'कौन्सिल टॅक्स सपोर्ट' नांवाची मदत. २०१३ पासून कामाच्या वयाच्या लोकांकरितां तिचे नियम इंग्लंडांतील प्रत्येक कौन्सिल आपापले करतें. निवृत्तांकरितां मात्र देशभर एकच चौकट आहे. अपंगत्वामुळें मिळणाऱ्या सवलती निराळ्या. त्यांना उत्पन्नाची अट नाहीं, आणि मागितल्यावांचून त्या कोणी हातीं आणून देत नाहीं.

समजा, स्मृतिभ्रंश झालेली आई आणि तिची मुलगी एका घरांत राहतात. आईची बुद्धि व लोकांत वावरण्याची शक्ति कायमची आणि तीव्रपणें क्षीण झाली आहे असा डॉक्टरचा दाखला असेल, आणि 'अटेंडन्स अलाउन्स'सारख्या ठराविक भत्त्यास ती पात्र असेल, तर करापुरती ती मोजली जात नाहीं. हिशेबीं राहते एकटी मुलगी, व बिल २५ टक्के उतरतें. तीच आई एकटी राहत असती तर कर मुळींच लागला नसता. मुलगी आठवड्यास सरासरी निदान ३५ तास तिची शुश्रूषा करीत असेल, तर भत्त्याची अट सांभाळून तीहि मोजणींतून वगळली जाऊं शकते. मग सवलत ५० टक्क्यांवर जाते. मात्र हीच सेवा पत्नीनें पतीची केली तर ती धरीत नाहींत. हें न्याय्य वाटत नाहीं, पण नियम तसा आहे खरा.

शारीरिक अपंगत्वाची सवलत घराकडे पाहते. आप्त घरांत चाकांची खुर्ची वापरतो व ती फिरण्यापुरती जागा आहे. किंवा त्याच्या गरजेस्तव दुसरें न्हाणीघर अथवा स्वयंपाकघर आहे. किंवा एखादी खोली मुख्यत्वें त्याच्याच कामीं येते. यांपैकीं एक असलें कीं एक वर्ग खालचा कर लागतो. 'डी'चा 'सी' झाला म्हणजे नववा हिस्सा वांचला. सर्वांत खालच्या 'ए' वर्गासहि उतार मिळतो. अर्ज फसतात ते खोलीच्या बाबतींत. 'वडिलांचा पलंग खालच्या मजल्यावर आणला' एवढेंच लिहिलें तर कौन्सिल म्हणतें, झोपावयास खोली कोणासहि लागतेच! तेथें कोणतीं साधनें आहेत, माणूस उचलण्याचें यंत्र कीं डायालिसिसची सामग्री, तीं किती वेळ लागतात, आणि त्या खोलीवांचून वडिलांचें नेमकें काय अडतें, हें लिहावें. संध्याकाळीं सारें घर तेथेंच टेलिव्हिजन पाहत असेल तर तेंहि लपवूं नये. पाहणीस माणूस येऊं शकतो.

भारतांतून गेलेल्या आईवडिलांच्या व्हिसावर सरकारी निधीची मनाई असेल, तर अटेंडन्स अलाउन्स व उत्पन्नावरील सपोर्ट हीं दोन्ही त्या मनाईंत येतात. तेथें अर्जापूर्वीं जाणत्या सल्लागारास विचारणें अवश्य आहे.

आप्ताच्या वतीनें बोलावयाचें तर त्याच्या सहीचें अधिकारपत्र प्रथम द्यावें. सवलत अर्जाच्या दिवसापासून नव्हे, अटी पुऱ्या झाल्या त्या तारखेपासून मागावी. भत्त्याचें जुनें पत्र येथें उपयोगीं पडतें. नकार तोंडी आला तर लेखी मागावा व आपली हरकत लेखी कळवावी. दोन महिन्यांत उत्तर न आलें, किंवा आलेलें पटलें नाहीं, तर व्हॅल्युएशन ट्रायब्युनलकडे जातां येतें. तेथें फी पडत नाहीं. तोंवर हप्ते मात्र थांबवूं नयेत. ते चुकले आणि स्मरणपत्रानंतरहि भरले नाहींत, तर वर्षाची सारी बाकी एकदम मागण्याचा अधिकार कौन्सिलला येतो.