वस्तऱ्याची पथरी: ओली की कोरडी?

घाटनांदूरच्या शिवारातला काळा दगड कोयत्याला चालतो, वस्तऱ्याला नाही. हा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यातले स्फटिक लहानमोठे, म्हणून धार खरबरीत होते. ऊसतोडीला ते चालून जातं, गालाला नाही. वस्तऱ्याला एकसारख्या बारीक कणांचीच पथरी हवी. बेल्जियमच्या आर्डेन भागातली पिवळट कोटिक्यूल त्यासाठी जगभर नावाजलेली. तिच्यात गार्नेटचे सूक्ष्म कण असतात.

आता पाण्याचं. पथरी ओली असली की झिजलेल्या पोलादाचा काळा गाळ पाण्यात तरंगतो, दगडाचे कण उघडे राहतात. कोरड्या पथरीवर तोच गाळ घट्ट बसतो, दगड गुळगुळीत होतो आणि पोलाद धरत नाही. काही जण शेवटचे हात मुद्दाम कोरडे मारतात, धार चकाकते म्हणून. माझं मत स्पष्ट आहे: नवशिक्यानं पाणीच घ्यावं.

वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या ठेवा, कोन आपोआप साधतो. दगडावर धार पुढे, चमोट्यावर पाठ पुढे. चमोट्यावर उलटं केलंत तर चामडं कापेल आणि धारही जाईल.