नऊ वर्षांचा खाडा

गेल्या आषाढात एके दिवशी आमच्या सूनबाई भर दुपारीच घरी परतल्या. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्या ठेकेदारामार्फत त्या हिशेबनिसाचे काम करीत, त्याचे कंत्राट संपले होते, आणि कंत्राटाबरोबर त्यांची नोकरीही. ती धरून उणेपुरे चौदा महिने झाले होते. चिरंजीवांनी धीर दिला, "वेतनातून राज्य विम्याची वर्गणी दरमहा कापली जातच होती, तेव्हा बेकारभत्ता मिळावयास हवा." आम्हांसही ते पटले. महिना लोटल्यावर आम्ही स्वतः त्यांजबरोबर विम्याच्या कचेरीत गेलो.

तेथील कारकून मोठा सभ्य गृहस्थ निघाला. नोंदी पाहून तो म्हणाला, "काकाजी, ताईंची आधीची सहा वर्षांची वर्गणी दिसते, हे चौदा महिनेही दिसतात, पण मध्ये नऊ वर्षांचा खाडा आहे. भत्ता बसत नाही."

खाडा! हजेरीपटावर हा शब्द आम्ही छत्तीस वर्षे लिहिला. परंतु त्या दिवशी तो जसा लागला तसा पूर्वी कधी लागला नव्हता. कारण त्या नऊ वर्षांत सूनबाई कोठे होत्या, हे आमच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक? प्रथम दोन लेकरांचे बालपण, आणि मागाहून आमच्या पत्नीचा अर्धांगवायू. तिला कुशीवर वळविणे, भरविणे, रात्री तीनदा उठणे, हे सारे त्यांनी केले. नोकरी सोडण्याचा सल्लाही आमचाच होता. ज्या घरात त्या एक दिवसही गैरहजर नव्हत्या, त्या घरापायी सरकारदप्तरी त्यांच्या नावापुढे खाडा लागला.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी हा प्रसंग आज ना उद्या येणारा आहे. म्हणून नियम काय आहे ते आधी सांगतो. आपल्या देशात घरी बसलेल्या प्रत्येकास मिळणारा असा सर्वसाधारण बेकारभत्ता नाही. जो आहे तो विमा आहे. प्रा. बी. पी. आदारकर यांच्या १९४४ च्या अहवालातून ज्याची आखणी झाली, त्या कर्मचारी राज्य विम्याचा कायदा १९४८ मध्ये झाला. मात्र त्यात आजारपण, बाळंतपण, अपघात यांची सोय होती, बेकारीची नव्हती. ती आली १ एप्रिल २००५ पासून, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेच्या रूपाने. कारखाना बंद पडला, नोकरकपात झाली अथवा कामाबाहेरील अपघाताने कायमचे अपंगत्व आले, तर ती लागू होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली आमच्या नागपूरची एम्प्रेस मिल २००२ मध्येच बंद पडली होती. त्या गिरणीच्या कामगारांस ही योजना तीन वर्षे उशिराची ठरली.

सूनबाईंचे कंत्राट संपले असल्याने त्यांचा प्रश्न दुसऱ्या योजनेखाली येत होता. ती १ जुलै २०१८ पासून सुरू झालेली अटल बीमित व्यक्ति कल्याण योजना. हिच्यात प्रारंभी सरासरी दैनिक वेतनाचा चौथा हिस्सा मिळे; करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, तो निम्मा करण्यात आला. मुदत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि तीही साऱ्या आयुष्यात मिळून. दिवसाचे सरासरी वेतन ५०० रुपये धरले, तर २५० प्रमाणे २२,५०० रुपये होतात. रक्कम लहान खरी. परंतु तीन महिन्यांची चूल तिच्यावर पेटते.

तथापि अट अशी की, बेकारीच्या लगत आधीची दोन वर्षे मनुष्य विमेदार नोकरीत असला पाहिजे. वर्गणीचे सहामाही कालखंड असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. त्यांपैकी शेवटच्या कालखंडात किमान ७८ दिवसांची, आणि आधीच्या तिहींपैकी एकात तितक्याच दिवसांची वर्गणी भरलेली हवी. गैरवर्तनाने काढलेल्यास किंवा स्वेच्छेने निवृत्त झालेल्यास भत्ता नाही. 'लगत आधीची' या दोन शब्दांत सूनबाईंची पहिली सहा वर्षे बुडाली.

कारकुनावर वा कायद्यावर आम्ही रागावत नाही. विमा हा सर्वांच्या वर्गणीचा साठा. त्यातून कोणास द्यावे याला मर्यादा हवीच. परंतु मर्यादा कोठे आखावी, हा विचार इतरत्र अधिक उदारपणे झालेला आहे. इंग्लंडात १९७८ पासून अशी तरतूद झाली की, मुलांसाठी किंवा रुग्णासाठी घरी राहिलेल्यांच्या वृद्धवेतनास त्या वर्षांमुळे बाध येऊ नये. जर्मनीत २००३ पासून, पूर्वी विमेदार असलेली आई अथवा बाप तीन वर्षांखालील मुलाचे संगोपन करीत असता त्यास बेकारीच्या विम्यातही विमेदारच धरितात. आमच्या येथेही घरकामाचे मोल न्यायालयांस मान्य आहे. २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका निर्णयात, गृहिणीच्या श्रमाचे उत्पन्न कल्पून भरपाई ठरविण्याचे तत्त्व पुन्हा स्पष्ट केले. म्हणजे गृहिणी मृत्यू पावली तर तिच्या श्रमाचा आकडा मांडता येतो. ती जिवंतपणी काम शोधावयास निघाली, तर त्याच श्रमास खाडा म्हणतात.

आम्ही आयुष्यभर संस्कृत शिकविले. व्याकरणात लोप म्हणजे नाश नव्हे. लोप म्हणजे न दिसणे. प्रत्यय लुप्त झाला तरी त्याचे कार्य शब्दात राहते. सूनबाईंची नऊ वर्षे दप्तरातून लुप्त झाली. परंतु आमची पत्नी अखेरपर्यंत स्वच्छ अंथरुणावर निजली, हे त्यांचेच कार्य होय.

असो. आता आमची स्वतःची चूक सांगणे प्राप्त आहे. पहिली नोकरी सोडतेवेळी सूनबाईंच्या निधीची सारी रक्कम आम्ही काढावयास लावली आणि त्यातून घराची गळकी गच्ची दुरुस्त केली. त्यात निवृत्तिवेतनाचाही भाग होता. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत दहा वर्षांची सेवा भरली की उतारवयात वेतनाचा हक्क येतो. सेवा कमी असताना नोकरी सुटली, तर पैसे न काढता योजना प्रमाणपत्र घेऊन ठेविता येते, आणि पुढील नोकरीची वर्षे त्यात मिळविता येतात. आम्ही ते घेतले नाही. सहा वर्षे गच्चीत गेली. कायद्याने त्यांचा खाडा एकदा मांडला, आम्ही दोनदा.

म्हणून ज्यांच्या घरची लेक वा सून नोकरी सोडीत असेल, त्यांस आमचे सांगणे आहे. निवृत्तिवेतनाचा भाग काढू नये, प्रमाणपत्र घ्यावे. विम्याचा क्रमांक जपून ठेवावा, आणि पुन्हा नोकरी लागताच तोच द्यावा. नवा घेऊ नये. वर्गणीचे दिवस खात्यावर चढतात की नाहीत, हे दर सहामाहीस पाहावे. काम सुटल्यास सुटल्याचे लेखी पत्र मागावे. 'राजीनामा द्या' असे कोणी सांगितले, तर सही करण्यापूर्वी कचेरीत विचारावे. अटल योजनेची मुदत वेळोवेळी वाढविली गेली आहे; सबब अर्जापूर्वी ती चालू असल्याची खात्री करावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे. जिला आपण घरासाठी घरी बसवितो, तिची वर्गणी घराने भरावी. आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमाने बेकारीत साहाय्य करण्याचे धोरण राज्यास, त्याच्या कुवतीप्रमाणे, नेमून दिले आहे. राज्य ते कधी पुरे करील ते करो. एकत्र कुटुंबास तोवर थांबण्याचे कारण नाही.

कचेरीतून परतताना सूनबाई एवढेच म्हणाल्या, "मामंजी, तुम्ही मनास लावून घेऊ नका." गेल्या श्रावणापासून आमच्या निवृत्तिवेतनातून एक रक्कम दरमहा त्यांच्या एकट्यांच्या नावे टपालकचेरीत जमा होत आहे. गच्चीचे पैसे फिटावयास अद्याप काही काळ लागेल. नऊ वर्षांचे मात्र आमच्याने फिटणे नाही. त्यांनी सीताबर्डीवर पुन्हा काम धरले आहे. सायंकाळचा स्वयंपाक आता आम्ही आणि चिरंजीव मिळून करितो.