काट्यावरचा आकडा पक्का केव्हा धरावा?



हंगाम सुरू झाला की उसाच्या वजनाची चर्चा गावोगाव होते, आणि ती रास्तच आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरवला. वीस टनांच्या खेपेत अर्धा टक्का वजन चुकले तरी एक क्विंटल, म्हणजे ३५५ रुपये गेले. म्हणून काट्यावरचा इंडिकेटर आकडा कसा ठरवतो, हे येथे देत आहोत.

काट्याखाली लोडसेल असतात. भार पडला की ते किंचित दबतात आणि त्यांतून येणारा विजेचा दाब बदलतो. इंडिकेटर त्याचे किलो करून दाखवतो. पण आकडा दिसणे निराळे आणि पक्का होणे निराळे. त्यासाठी तीन गोष्टी नीट बसवाव्या लागतात.

पहिली, शून्याची ओळख. काट्यावर चिखल, पाचट साचते. थोडेसे वजन इंडिकेटर आपोआप शून्य धरतो. पण शून्य दोन्ही वेळा एकच पाहिजे. भरली गाडी चढण्यापूर्वी आकडा उणे ५० होता आणि रिकामी गाडी चढण्यापूर्वी बरोबर शून्य, तर तुमचा ५० किलो ऊस गेलाच समजा!

दुसरी, स्थिरतेची ओळख. ट्रॅक्टर धडधडत असतो, ट्रॉली हलत असते. आकडा ठरलेल्या मर्यादेत काही क्षण टिकला, तरच ‘स्थिर’ असा दिवा लागतो. ही मर्यादा सैल ठेवली तर हलता आकडा पक्का होतो. फार कडक ठेवली तर दिवा लवकर लागत नाही आणि गाड्यांची रांग वाढते.

तिसरी, पुढचा हुकूम. वजन स्थिर झाल्यावरच पावती छापावी आणि काटा शून्यावर आल्याशिवाय पुढची गाडी घेऊ नये, असे बसवावे लागते. साखर भरण्याच्या यंत्रातही हीच रीत असते. ५० किलोच्या पोत्यात आधी मोठी धार, शेवटी बारीक धार. आणि हवेतली साखर पोत्यात पडायची असते म्हणून ५० च्या किंचित आधीच झडप बंद.

ओल हा काट्याचा मोठा वैरी. घाटाखाली महाड-पोलादपूरला ऊस कारखाना नाही, तो भाताचा मुलूख. पण महाडच्या औद्योगिक वसाहतीत मालाच्या गाड्यांना असेच काटे लागतात. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुरात महाड शहर बुडाले, एवढे तिथले पाणी. लोडसेलच्या तारा जोडलेल्या पेटीत ओल शिरली की रिकाम्या काट्यावरही आकडा सरकू लागतो. आपल्याकडेही अवकाळी पावसानंतर शून्य पाहिल्याशिवाय गाडी चढवू नये.

वैधमापन खात्याकडून काट्याची दर १२ महिन्यांनी पडताळणी होऊन शिक्का बसतो. सील तुटलेले दिसल्यास वजन थांबवून विचारण्याचा सभासदांना हक्क आहे.

तेव्हा एवढे पाहावे: गाडी चढण्यापूर्वी शून्य, सर्व चाके काट्यावर, चालक खाली, दिवा लागल्यावर पावती, आणि रिकाम्या गाडीचे वजनही त्याच खेपेला. पावती वाचून मगच जागा सोडावी. शंका असेल तर तिथेच बोलावे. गाडी गव्हाणीत रिकामी झाल्यावर पुन्हा वजन करायला ऊस उरत नाही.

काटा आपलाच आहे, त्यावर नजरही आपलीच हवी.