नगरसभेच्या भिंतीवरचं चित्र

तोस्काना प्रांताच्या पूर्व टोकाला सान्सेपोल्क्रो नावाचं पंधरा-सोळा हजार वस्तीचं गाव आहे. पुढे ज्या तायबर नदीकाठी रोम वसलं, ती इथे अजून लहान आहे. फ्लॉरेन्स आणि सिएना पाहून दमलेले प्रवासी सहसा इकडे वळत नाहीत. वळावं ते मुख्यतः एका इमारतीसाठी. आज तिला नगर संग्रहालय म्हणतात; पूर्वी गावाचे कारभारी तिथे बसून करांचे, भांडणांचे आणि पाण्याचे निर्णय घेत. त्यांच्या सभागृहाच्या भिंतीवर पिएरो देल्ला फ्रान्चेस्का या चित्रकाराने पंधराव्या शतकाच्या मध्यानंतर कबरीतून उठणारा ख्रिस्त रंगवला.

चर्चऐवजी कचेरीत हा विषय का, याचं उत्तर गावाच्या नावातच आहे. सान्सेपोल्क्रो म्हणजे पवित्र कबर. आर्कानो आणि एजिदियो हे दोन यात्रेकरू जेरुसलेमहून कबरीचे अवशेष घेऊन आले आणि त्यातून गाव उभं राहिलं, अशी आख्यायिका आहे. त्यामुळे उठणारा ख्रिस्त हे गावाचं बोधचिन्हच. पिएरोही बाहेरून बोलावलेला कलावंत नव्हता. चामड्याच्या आणि निळा रंग देणाऱ्या ग्वादो या वनस्पतीच्या व्यापारात असलेल्या इथल्याच घरातला तो मुलगा. 1442 मध्ये तो गावाच्या सभेवर निवडूनही आला होता.

चित्र सव्वादोन मीटर उंच आणि दोन मीटर रुंद आहे, म्हणजे फार मोठं नाही. खाली चार पहारेकरी गाढ झोपलेत. त्यांच्यामागे ख्रिस्त एक पाय कबरीच्या काठावर रोवून, हातात लाल क्रूसाचा झेंडा घेऊन थेट आपल्याकडे बघतो. त्या नजरेत करुणा शोधणाऱ्याला ती सापडणार नाही. रात्रभर शेतात राबून पहाटे परतलेल्या माणसासारखा हा ख्रिस्त जागा आणि थोडा कठोर आहे. सैनिक आपल्याला खालून पाहिल्यासारखे दिसतात, तो मात्र अगदी समोरून. एकाच चित्रातले हे दोन दृष्टिकोन पिएरोने मुद्दाम योजलेत. यथादर्शनाच्या (पर्स्पेक्टिव्हच्या) गणितावर ग्रंथ लिहिणाऱ्याच्या हातून हे नकळत घडलं असेल, असं वाटत नाही. प्रेक्षकाच्या डाव्या हाताची झाडं निष्पर्ण आहेत, उजवीकडची पालवलेली. भाला धरलेल्या सैनिकाला पाय नाहीत, हेही एकदा लक्षात आलं की विसरता येत नाही. रचनेसाठी गणितज्ञाने शरीरशास्त्राला सरळ सुट्टी दिली आहे. मान मागे टाकून झोपलेला सैनिक हा स्वतः पिएरो, असं परंपरा सांगते.

पिएरोची इतर चित्रं गावाबाहेर गेली. इथल्याच चर्चसाठी काढलेला ख्रिस्ताचा बाप्तिस्मा 1861 पासून लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. हे चित्र राहिलं, कारण ते भिंतीचाच भाग होतं आणि भिंत विकता येत नाही. ती हलवता मात्र येते. 2018 मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात दिसून आलं, की हे चित्र मूळ जागेवरून भिंतीच्या तुकड्यासकट उचलून इथे बसवलं होतं. त्या कामाला एक लाख युरो दिले ते एका निवृत्त कंपनी-अधिकाऱ्याने. त्याची कंपनी म्हणजे 1827 मध्ये याच गावात सुरू झालेली पास्ताची बुइटोनी.

चित्र आज आहे, यात मात्र नशिबाचाही वाटा आहे. 1925 मध्ये अल्डस हक्स्लीने एका प्रवासलेखात त्याला जगातलं सर्वोत्तम चित्र ठरवलं. असली विधानं लेखक मंडळी सर्रास करतात. पण 1944 मध्ये अँथनी क्लार्क हा तरुण ब्रिटिश तोफखाना अधिकारी गावासमोरच्या डोंगरावर होता. गोळाफेक सुरू झाल्यावर गावाचं नाव आपण कुठेतरी वाचलंय, हे त्याला आठवलं आणि मग तो लेखही आठवला. चित्र त्याने कधी पाहिलं नव्हतं, तरी त्याने तोफा थांबवल्या. जर्मन तोवर गाव सोडून गेले होते. गावाने पुढे एका रस्त्याला क्लार्कचं नाव दिलं. चौकातल्या बेर्ताच्या मनोऱ्याचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. माघार घेणाऱ्या जर्मनांनी तो त्याच उन्हाळ्यात सुरुंगाने उडवला.

मराठी वाचकाने इथून नदीच्या प्रवाहाबरोबर दक्षिणेकडे मोन्तोनेपर्यंत जावंच. याच खोऱ्यात 10 जुलै 1944 रोजी मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे पडले. ते रायगडमधल्या माणगाव तालुक्यातले, वय अवघं बावीस. मशीनगनच्या माऱ्यात तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाल्यावर ते एकटे त्या ठाण्यावर चालून गेले. आधी हातबॉम्ब, मग गोळ्या. गोळ्यांचा साठा बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिचाच सोटा केला. ठाणं पडलं, पण दडून बसलेल्या नेमबाजाने त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 2023 मध्ये मोन्तोनेने त्यांचं स्मारक उभारलं ते सावलीच्या घड्याळाच्या रूपात. आपण सारे एकाच सूर्याखाली, अशा अर्थाचं वचन त्यावर आहे.

परत सान्सेपोल्क्रोत येऊ. द्विनोंदी हिशेबाची पद्धत 1494 मध्ये छापील ग्रंथात मांडणारा लूका पाचोली इथलाच. पिएरोचं गणित त्याने स्वतःच्या नावावर खपवलं, असा चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीचा आरोप आहे. जमा-नावेचा जाणकारच म्हणायचा! जवळच्या मोन्तेर्की गावात जुन्या शाळेत पिएरोची गरोदर मेरी आहे. तिला भेटायला गर्भवती स्त्रियांना तिकीट लागत नाही.

जमल्यास सप्टेंबरचा दुसरा रविवार गाठावा. त्या दिवशी बेर्ताच्या चौकात गुब्बियो गावाशी आडव्या धनुष्यांचा सामना होतो. नेमबाज बाकावर बसून छत्तीस मीटरवरच्या लाकडी लक्ष्याचा वेध घेतो. प्रत्येकाला एकच बाण. मध्याशी सगळ्यांत जवळ रुतलेल्या बाणाच्या मालकाला रंगवलेला झेंडा मिळतो. मे महिन्यात परतीचा सामना गुब्बियोच्या अंगणात असतो, तेव्हा हरलेल्यांना फेडायला फार थांबावं लागत नाही.